उपासनेवाचून गूढानुभव

'क्रिस्तपुराणातील मराठी भाषेचे स्वरूप सोदाहरण स्पष्ट करा.' मराठीच्या पदव्युत्तर परीक्षांतून हा प्रश्न किती वेळा विचारला गेला असेल, याची गणना आम्ही केलेली नाही. आमच्यापैकी प्रत्येकाने विद्यार्थी असताना तो सोडवला, पुढे अध्यापक झाल्यावर तो काढला आणि त्याची उत्तरे तपासली, एवढे मात्र खात्रीने सांगता येते. उत्तरही ठरलेले असते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला, त्याचे पुराण 1616 साली रायतूर ऊर्फ राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले, त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत, रचनेवर मराठी संतकाव्याचा ठसा आहे, भाषेत कोकणीची छटा आणि काही पोर्तुगीज शब्द आहेत. शेवटी मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्या सुप्रसिद्ध ओव्या लिहिल्या, की गुण पदरात पडतात. अकरा हजार ओव्यांपैकी पाच-सहा ओव्यांवर एका ग्रंथाची बोळवण होते, आणि त्या पाच-सहा ओव्या नेमक्या आपली स्तुती करणाऱ्या असतात, हा योगायोग खचितच नव्हे.

काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकजण याच पुराणातील क्रूसावरील मरणाचा भाग वर्गात वाचून दाखवत होता. करुणरसाची निष्पत्ती कशी होते, ओवीची लय कशी संथ होते, वगैरे विवेचन चालू होते. तेवढ्यात वसईकडची एक विद्यार्थिनी, जी वर्षभरात क्वचितच बोलली असेल, हळूच म्हणाली, ''सर, इथे आम्ही गुडघे टेकतो.'' वर्गात थोडी खसखस पिकली. तिने खुलासा केला : गुड फ्रायडेला चर्चमध्ये दुःखसहनाचा वृत्तान्त वाचला जातो तेव्हा सगळे उभे असतात, आणि येशूने प्राण सोडला हे वाक्य आले की वाचन थांबते, सगळे गुडघे टेकतात, काही क्षण कोणी काही बोलत नाही, मग पुढचे वाचन सुरू होते. आमच्या सहकाऱ्याने तिचे म्हणणे ऐकून घेतले आणि परीक्षेच्या दृष्टीने ते महत्त्वाचे नसल्याचे सांगितले. तिने मान डोलावली आणि वहीत 'करुणरस' असे लिहून घेतले.

प्रस्तुत लेख त्या एका वाक्याविषयी आणि आमच्या त्या उत्तराविषयी आहे. आरंभीच हे स्पष्ट करणे बरे, की आमच्यापैकी कोणीही ख्रिस्ती नाही. एकाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वारी आहे, एकजण कॉलेजच्या दिवसांपासून स्वतःला नास्तिक म्हणवतो, आणि तिसऱ्याची श्रद्धा आईच्या आजारपणात जागी होते आणि एरवी झोपते. आम्हांला कोणाचा धर्म वाढवायचा नाही. आमचे भांडण आपल्या वाचनाशी आहे. ख्रिस्ती गूढानुभवाचे साहित्य आणि कला यांच्याकडे आज आपण तीन प्रकारे पाहतो. अभ्यासक्रम त्यांना भाषेचा नमुना समजतो, सुसंस्कृत बाजारपेठ त्यांना धर्मातीत अध्यात्माचा अर्क समजते, आणि आधुनिक कलाविश्व त्यांना तेव्हाच ओळख देते जेव्हा त्यांत बंडखोरी किंवा विटंबना दिसते. तिन्ही दृष्टी वरवर एकमेकींच्या विरोधी असल्या, तरी त्यांचे एका गोष्टीवर एकमत आहे : अनुभव घ्यावा, उपासना सोडून द्यावी. आमचे म्हणणे असे, की अशा तऱ्हेने घेतलेला अनुभव हा त्या साहित्यातला अनुभव नसतोच. तो आपलाच असतो. फक्त दुसऱ्याच्या नावावर खपवलेला.

आपल्या परिभाषेतच या घोटाळ्याचे बीज आहे. केशवसुत, बी, तांबे यांच्या काही कवितांसाठी मराठी समीक्षेने 'गूढगुंजन' हा शब्द रूढ केला. शब्द गोड आहे आणि तेच त्याचे वैगुण्य आहे. गुंजन म्हणजे भुंग्याचे. त्याला ना अर्थ, ना शिस्त, ना पत्ता. 'गूढवाद' हा दुसरा शब्द तर त्याहून गैरसोयीचा, कारण त्यामुळे एखादे मत, एखादा सिद्धान्त समोर उभा राहतो. या क्षेत्रात ज्यांचा अधिकार निर्विवाद होता, त्या गुरुदेव रा. द. रानडे यांनी 1933 साली महाराष्ट्रातील संतांवरचा आपला मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपातील ख्रिस्ती संतांशी आपल्या संतांची तुलना त्यांनी मोकळेपणाने केली. पण ती करणारा लेखक निंबाळला नित्यनेमाने नामस्मरण करणारा साधक होता. नाम, गुरू, नेम आणि संप्रदाय यांना वगळून साक्षात्काराविषयी बोलता येईल, अशी त्यांची समजूत नव्हती. आम्ही त्यांची तुलना घेतली आणि नेम टाकून दिला.

उदाहरणादाखल सेंट जॉन ऑफ द क्रॉस या स्पॅनिश कवीचे आज काय झाले आहे ते पाहावे. 'आत्म्याची काळोखी रात्र' हा त्याचा शब्दप्रयोग आता जगभर फिरतो. नोकरी गेली, प्रेम मोडले, लेखन अडले, की माणसे आपली काळोखी रात्र चालू असल्याचे सांगतात. मराठीतल्या ललित लेखांतही तो आता परका राहिलेला नाही. गंमत अशी, की ज्याच्यापासून ही रात्र वेगळी ओळखावी असे जॉनने बजावले, त्यालाच आपण हे नाव दिले आहे. या विषयावरच्या ग्रंथात त्याने साधकासाठी तीन खुणा दिल्या आहेत, आणि त्या कशासाठी, तर आलेला रुक्षपणा प्रार्थनेच्या वाटेवरचा आहे, की तो नुसता विषाद किंवा आळस आहे, हे पारखता यावे म्हणून. त्याच्या लेखी रात्रीही दोन आहेत, एक इंद्रियांची आणि दुसरी आत्म्याची. दोन्हींना क्रम आहे, कारण आहे आणि मुक्कामाचे ठिकाण आहे. प्रार्थना न करणाऱ्याला ती रात्र येऊ शकत नाही. ज्याने दिवाच लावलेला नाही, त्याचा दिवा विझणार कसा? हे कोणाच्या दुःखाला हिणवण्यासाठी आम्ही म्हणत नाही. विषाद हे खरे दुःख आहे आणि त्याला त्याचे स्वतःचे नाव असण्याचा अधिकार आहे.

या ग्रंथामागचे आयुष्यही पाहण्यासारखे आहे. 2 डिसेंबर 1577 च्या रात्री जॉनला त्याच्याच कार्मेल संघातील सुधारणाविरोधी मठवासीयांनी पकडले आणि पुढे तोलेदोच्या मठात नेऊन एका अंधाऱ्या कोठडीत डांबले. तिथे तो सुमारे नऊ महिने होता. मारहाण, उपासमार, एकाकीपणा हे सारे त्याने तिथे भोगले, आणि तिथेच त्याच्या श्रेष्ठ काव्याचा मोठा भाग रचला गेला. हा प्रसंग आजच्या वाचकाला फार आवडतो, कारण त्यातून त्याला हवा तो निष्कर्ष काढता येतो : संत एकीकडे, धर्मसंस्था दुसरीकडे. परंतु त्या कोठडीत जॉनजवळ काय होते? बायबलमधील 'गीतरत्न' त्याला मुखोद्गत होते. स्तोत्रे होती. उंचावरच्या एका फटीतून येणाऱ्या उजेडात नित्यप्रार्थना वाचण्याची त्याची धडपड असे. वधू आणि वर, रात्र आणि शोध, बाग आणि झरा या ज्या प्रतिमांचे आपण कौतुक करतो, त्या त्याने शून्यातून काढलेल्या नाहीत. शेकडो वर्षे मठांच्या गायनात म्हटल्या गेलेल्या शब्दांतून त्या आल्या. आणि 1578 च्या ऑगस्टमध्ये निसटून तो आश्रयाला गेला तो कुठे? तोलेदोतल्याच कार्मेल जोगिणींच्या मठात. पुढे 1584 साली त्याने आपल्या काव्यावर भाष्य पुरे केले तेही आना दे हेसूस या मठप्रमुख स्त्रीच्या विनंतीवरून. ज्या घराने त्याला कोंडले त्याच घरात तो शेवटपर्यंत राहिला. या राहण्याचा अर्थ लावायला आमची आजची समीक्षा तयार नाही, कारण तिच्या शब्दकोशात 'बंड' आणि 'शरणागती' असे दोनच शब्द आहेत.

मराठी वाचकाला तरी हे अवघड वाटायला नको होते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या म्हणून तुकोबांनी पंढरी सोडली नाही. चोखोबांना राउळाबाहेर ठेवले गेले. हा अन्याय होता आणि आहे, त्याला कुठलीही भक्ती झाकू शकत नाही. पण चोखोबांचे अभंग त्या दाराच्या दिशेने तोंड करूनच म्हटलेले आहेत. दार बंद करणाऱ्यांविषयीचा संताप आणि दारापलीकडच्या विठ्ठलाविषयीची ओढ यांतले एक उचलून दुसरे फेकता येत नाही. आपण संतकाव्यात हे जाणतो. ख्रिस्ती नाव आले, की विसरतो.

साहित्यात घडते तेच चित्र-शिल्पांत घडते. आव्हिलाची संत तेरेसा ही जॉनची ज्येष्ठ सहकारी आणि त्याला सुधारणेच्या कामात ओढणारी स्त्री. तिच्या एका अनुभवावर बेर्निनीने 1647 ते 1652 या काळात घडवलेले शिल्प रोमच्या सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया या चर्चमध्ये आहे. 1972-73 च्या व्याख्यानमालेत फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँ याने या शिल्पाचा दाखला देऊन तेरेसेच्या आनंदाविषयी जे म्हटले, ते आता आपल्याकडच्या चर्चासत्रांतही पाठ झालेले आहे. देहाचा आनंद त्या चेहऱ्यावर आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तेरेसेने स्वतःच देहाचाही त्यात वाटा असल्याचे लिहून ठेवले आहे. प्रश्न चौकटीचा आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तेरेसेचा चेहरा येतो. प्रत्यक्षात ते शिल्प एका वेदीवर आहे, आणि दोन्ही बाजूंना दात्या कोर्नारो घराण्यातील पुरुष सज्जांत बसलेले कोरले आहेत. छायाचित्र घेणारा वेदी कापतो. त्यानंतर जे उरते त्याविषयी कितीही सूक्ष्म बोलले, तरी ते कापलेल्या चित्राविषयीचेच बोलणे असते. तेरेसा म्हटली की आपल्याला तो मूर्च्छित चेहराच आठवतो; सतरा मठ उभे करणारी, जागेच्या व्यवहारांत आणि कज्ज्यांत गुरफटलेली, स्वयंपाकघरातल्या भांड्यांतही देव वावरतो असे आपल्या जोगिणींना समजावणारी तेरेसा कोणी पाहत नाही. जनाबाईच्या जात्याशी नाते सांगणारी तेरेसा ती हीच.

इथवरचे सारे युरोपात घडले म्हणून आपल्याला दूरचे वाटेल. आपल्या अंगणातली गोष्ट याहून बोचरी आहे.

आंजेलो द फोन्सेका हे नाव मराठीच्या किती अध्यापकांना ठाऊक आहे? 1902 साली गोव्यातील सांतु इश्तेव्ह या बेटावर जन्मलेला हा चित्रकार. मुंबईचे कलाशिक्षण सोडून तो शांतिनिकेतनात गेला आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या परंपरेत तयार झाला. 1930 नंतरच्या त्या काळात गोव्यात परतून त्याने मरियेला साडी नेसवली, येशूला या मातीतला चेहरा दिला. गोव्याच्या तत्कालीन ख्रिस्ती समाजाला ते रुचले नाही. ज्यांच्या डोळ्यांत युरोपीय मरिया शतकानुशतके बसली होती, त्यांना ही हिंदू बाई वाटली. फोन्सेकाला गोवा सोडावे लागले. त्याला आधार मिळाला तो पुण्यात, शिवाजीनगरच्या क्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. आश्रम अँग्लिकन, चित्रकार रोमन कॅथलिक. तरीही तो तिथे राहिला आणि आयुष्यभर चित्रे काढत राहिला. कलेत प्रत्येक समाजाच्या शैलीला उपासनेत स्थान असावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली अधिकृतपणे म्हटले. फोन्सेका 1967 साली वारला. म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्याला घर सोडावे लागले, ती गोष्ट योग्य असल्याचे त्याच्या चर्चने सांगितले तेव्हा त्याच्या हाती चार वर्षे उरली होती.

परंपरेच्या राखणदारांवरचा हा आरोप आम्ही सौम्य करू इच्छित नाही. परंपरा म्हणजे आजोबांनी पाहिलेले चित्र, अशी ज्यांची समजूत असते, ते परंपरेचे सर्वांत मोठे अपराधी असतात. पण फोन्सेकाला विसरण्याचे काम एकट्या चर्चने केलेले नाही. आधुनिक भारतीय कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही त्याला बहुधा दाराबाहेरच ठेवले, आणि त्यांचे कारण चर्चच्या अगदी उलट होते. त्यांना तो फार भाविक वाटला. याच गोव्यातला दुसरा चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा. 1924 साली साळगाव येथे जन्म, 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत अग्रभागी, 1949 पासून लंडनमध्ये. त्याचा 1959 सालचा क्रूसारोहणाचा काळाकुट्ट, ओरखडलेला ख्रिस्त लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. सोझा मोठा चित्रकार आहे, याविषयी आमचा वाद नाही. वाद त्याच्या मोठेपणाच्या कारणमीमांसेशी आहे. त्याचा ख्रिस्त चालतो, कारण त्यात संताप आहे. फोन्सेकाचा चालत नाही, कारण त्याच्यासमोर कोणी हात जोडू शकेल. जणू श्रद्धेला कलेच्या दालनात प्रवेश हवा असेल, तर तिने आधी स्वतःच्या तोंडाला काळे फासून यावे! आणि यात सोझाचाही अपमानच होतो. देवीच्या रोगातून वाचल्यावर आईने ज्याला फ्रान्सिस झेवियरचे नाव दिले, ज्याला पाद्री करण्याचा नवस बोलला गेला, बालपणी चर्चच्या भव्यतेचा आणि क्रूसावरच्या देहाचा केवढा पगडा बसला हे ज्याने स्वतः लिहून ठेवले, त्याचा राग हा त्या घरातल्या माणसाचा राग आहे. उपासना ज्याच्या हाडांत नाही, त्याला एवढे रागावता येत नाही.

आता क्रिस्तपुराणाकडे परत येऊ. कारण आमच्या म्हणण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप तिथेच उभा आहे. आक्षेप असा : ज्या सासष्टीत हे पुराण रचले गेले, तिथे त्याआधी देवळे पाडली गेली होती, 1583 साली कुंकळ्ळीत रक्त सांडले होते, 1560 पासून गोव्यात इन्क्विझिशन होते. अशा सत्तेच्या सावलीत लिहिलेल्या ग्रंथाला 'उपासना' म्हणणे ही इतिहासाशी बेइमानी नव्हे काय? आक्षेप खरा आहे आणि तो वर्गात मांडलाच पाहिजे. धाक होता, हिंसा होती, आणि स्टीफन्स त्या व्यवस्थेचा भाग होता. ते लपवून पुराणाचे गोडवे गाणाऱ्यांशी आमचे जमणार नाही.

पण हाच इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. पुराणाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती माणूस पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे तर बंद झाली, आता आम्ही वाचावे काय? या प्रश्नात केवढे दुःख आहे! ज्यांचे देव हिरावले गेले त्यांच्या जिभेवर ओवी तशीच होती, आणि तिला म्हणायला काहीतरी हवे होते. स्टीफन्सने ते दिले. सत्तेने जे घेतले त्याची भरपाई यातून झाली, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यानंतर ज्या माणसांनी चर्चमध्ये आणि घरांत त्या ओव्या गायल्या, पुढे जन्मलेल्या ज्या पिढ्यांनी आपले मरण आणि आपले सणवार त्यांत पाहिले, त्यांचा अनुभव खोटा होता, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? 1684 साली पोर्तुगीज सत्तेने लोकभाषाच सोडून देण्याचा हुकूम काढला. म्हणजे ज्या सत्तेच्या सावलीत हा ग्रंथ जन्मला, तिलाच पुढे त्याची भाषा नकोशी झाली. ग्रंथाला सत्तेचे हत्यार म्हणून मोकळे होणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे, की गाणाऱ्याच्या तोंडी ओवी गेली की ती लिहिणाऱ्याच्या हेतूपाशी थांबत नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या बाबतीत तर हत्याराचा प्रश्नच नव्हता. तिथे आम्ही काय केले? त्यांना 'फुलामुलांचे कवी' केले. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे सांगणारा, आपल्या भजनांनी मराठी प्रॉटेस्टंट चर्चची गाण्याची रीत बदलून टाकणारा कवी आमच्या पाठ्यपुस्तकांत वनवासी फुलाजवळ बसवून ठेवला आहे. त्यांची भजने 'उपासना संगीत' या पुस्तकातून मराठी चर्चमध्ये म्हटली जातात, आमच्या एम.ए.च्या वर्गात त्यांतले एक अक्षर येत नाही. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही त्यात असावेत, ही त्यांची कल्पना होती. मिशन सोडले, ख्रिस्त सोडला नाही. संस्था अपुरी पडली म्हणून त्यांनी उपासनेला रामराम ठोकला नाही, उलट तिच्यासाठी नवे अंगण आखले. दोन वर्षांत ते गेले. त्यांचे इंग्रजी चरित्र 1923 साली लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनीच 1922 साली ज्या क्रिस्त सेवा संघाची स्थापना केली, त्याच धडपडीतून फोन्सेकाला आश्रय देणारा पुण्याचा तो आश्रम पुढे आकाराला आला. म्हणजे टिळक ते फोन्सेका असा एक सलग धागा महाराष्ट्रातच आहे. भाविकतेला या मातीचा सूर आणि रंग देणाऱ्या माणसांचा हा धागा. तो आमच्या कुठल्याही वाङ्मयेतिहासात एका ठिकाणी ओवलेला आम्ही पाहिलेला नाही.

हा प्रश्न केवळ जुन्या ग्रंथांचा आहे असे मानणाऱ्यांनी जानेवारी 2020 चे उस्मानाबादचे साहित्य संमेलन आठवावे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले तेव्हा विरोध करणाऱ्यांनी त्यांचा झगा पाहिला आणि धर्मप्रसारक म्हणून शंख केला. तो विरोध निंद्यच होता. पण आम्हांला अस्वस्थ केले ते समर्थकांनी, आणि त्यांत आम्हीही होतो. ते पर्यावरणवादी आहेत, वसईच्या हिरवाईसाठी लढले आहेत, पुरोगामी आहेत, असे आपण पुनःपुन्हा सांगितले; म्हणजे झग्याकडे दुर्लक्ष करा, अशी विनंतीच आपण करत होतो. 'सुबोध बायबल' सिद्ध करणाऱ्या माणसाच्या समर्थनार्थ बायबलचा उल्लेख दबक्या आवाजात व्हावा? झाडांसाठी उभे राहण्याचे बळ त्यांच्या प्रार्थनेतून येत असेल, ही शक्यता बोलून दाखवायला आपल्यापैकी फार थोडे धजावले. विरोधक आणि समर्थक, दोघांच्याही लेखी श्रद्धा ही अडचणच होती. दिब्रिटो 2024 च्या जुलैमध्ये गेले. त्यांच्याविषयीचे हे ऋण फेडायचे राहिले.

आता शेवटचा आक्षेप, जो आमच्यातल्या नास्तिकानेच घेतला. श्रद्धेवाचून हे साहित्य वाचता येत नसेल, तर वर्गाचे चर्च करायचे काय? मुळीच नाही. वाचकाने गुडघे टेकावेत, अशी आमची मागणी नाही. संहितेत गुडघे टेकण्याची जागा कोणती, हे त्याला ठाऊक असावे, एवढीच आहे. संगीत न येणाऱ्यालाही सम कुठे आहे हे दाखवता येते, आणि ती माहीत नसेल तर त्याने मैफिलीवर लिहू नये. ज्या ओळीपाशी एक अखंड समाज थांबतो, त्या ओळीला 'करुणरस' म्हणून पुढे सरकणे ही तटस्थता नव्हे, ते अज्ञान आहे. आणि वर्गात बसलेल्या कोणाला तरी ती ओळ आपली वाटत असताना तसे करणे हे अज्ञानाहून वाईट आहे.

म्हणून सहकाऱ्यांपुढे काही साध्या मागण्या ठेवतो. क्रिस्तपुराणावरचा तो भाषेचा प्रश्न काही वर्षे काढूच नये. मरणाच्या आणि पुनरुत्थानाच्या भागातील ओव्या एकनाथी भागवतातील ओव्यांशेजारी ठेवून मोठ्याने वाचाव्यात. टिळकांची भजने चर्चमध्ये ज्या चालींवर म्हटली जातात त्या चालींवर वर्गात ऐकवावीत, फुलांच्या कविता घेतल्याच आहेत त्यांच्या जोडीला. फोन्सेकाची चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपून ठेवलेली आहेत. अभ्याससहल म्हणून विद्यार्थ्यांना दरवर्षी कुठेतरी नेतोच, एकदा तिथे न्यावे. आणि सोझाविषयी बोलताना त्याच्या रागाबरोबर त्याच्या गावातल्या चर्चविषयीही बोलावे.

ती विद्यार्थिनी आता एका शाळेत मराठी शिकवते, असे कळते. त्या दिवशी तिला विचारायचे राहून गेलेले प्रश्न पुष्कळ आहेत. किती वेळ थांबता? घंटा वाजते का? लहान मुले काय करतात? आजी गुडघे दुखतात म्हणून बसून राहते, की तरीही टेकते? याच प्रश्नांतून त्या ओव्यांचा अभ्यास सुरू झाला असता, आणि वर्गातल्या बाकीच्यांनाही आपापल्या घरातले थांबण्याचे क्षण आठवले असते. यंदा तो भाग पुन्हा शिकवायचा आहे. त्या ओवीपाशी आलो, की आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ थांबणार आहोत, आणि वर्गात कोणाला काही सांगायचे आहे का, ते विचारणार आहोत.